विश्लेषण : आतड्यातील जिवाणू आणि विसरणारा मेंदू… शंभर वर्षांपूर्वी हा धागा पकडणारे मेचनिकॉफ कोण होते?

दह्याला जगभर प्रतिष्ठा मिळवून देणारे आणि म्हातारपणाच्या अभ्यासाला शास्त्राचे नाव देणारे इल्या मेचनिकॉफ काही बाबतींत साफ चुकले. पण पोट आणि मेंदू यांच्यातील ज्या नात्यावर त्यांनी बोट ठेवले, त्याचा शोध आजच्या प्रयोगशाळा नव्याने घेत आहेत. अल्झायमरच्या संदर्भात या शोधाचा अर्थ काय?

पोटात कावळे ओरडू लागले की डोके चालत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आतड्यात राहणारे जिवाणू उतारवयात माणसाच्या स्मरणशक्तीवर परिणाम करू शकतात का, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. त्यावर पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. त्यामुळे आतड्यातील जिवाणूंकडून काही वाट सापडते का, याकडे संशोधकांचे आणि रुग्णांच्या घरच्यांचे लक्ष लागले आहे.

या वाटेवर पहिले पाऊल टाकणारा माणूस मेंदूचा डॉक्टर नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता.

कोण होते मेचनिकॉफ?

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. वडील लष्करी अधिकारी होते. मुलाची विज्ञानाची ओढ ओळखून तिला खतपाणी घातले ते आईने. खारकीव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि पुढे जर्मनी, इटलीत समुद्री जीवांचा अभ्यास केला. पंचविशीतच ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले.

घरात मात्र दुखणे पाचवीला पुजलेले होते. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला यांच्याशी लग्न केले. क्षयाने त्या इतक्या थकल्या होत्या की, लग्नासाठी त्यांना खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे हवापालट, उपचार, धावपळ झाली. १८७३ मध्ये मदैरा बेटावर ल्युडमिला यांचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकॉफ यांनी स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, त्यातून ते वाचले. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी विवाह केला. ओल्गा पुढे आयुष्यभर त्यांच्या संशोधनात सोबत राहिल्या आणि त्यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

आजार आणि मृत्यू त्यांनी इतक्या जवळून पाहिले होते की, माणूस म्हातारा का होतो आणि वेळेआधी का मरतो, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

काट्याच्या प्रयोगाने काय दाखवले?

विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि कुटुंबासह सिसिली बेटावरील मेसिना गाठले. एके दिवशी घरचे सगळे सर्कस पाहायला गेले होते. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकासमोर बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी पाहताना त्यांच्या मनात आले, शरीरात बाहेरचे काही घुसले तर या पेशी त्याच्यावर धावून जात असतील का? त्यांनी अळीच्या कातडीखाली गुलाबाचे बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला होता.

आपल्या शरीरातील काही पेशी परक्या गोष्टी गिळून पचवतात, हा तो शोध. या भक्षक पेशींचा सिद्धांत सुरुवातीला अनेक बड्या शास्त्रज्ञांना पटला नाही. वाद पंचवीस वर्षे चालला. अखेर १९०८ मध्ये प्रतिकारशक्तीवरील कामासाठी मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पॉल एर्लिख यांना विभागून नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईशी त्यांचा संबंध काय?

१८८६ मध्ये मेचनिकॉफ ओडेसातील जिवाणूशास्त्र केंद्राचे प्रमुख झाले. तेथे विरोध वाढत गेला. लशीच्या एका मोहिमेत हजारो मेंढ्या दगावल्यानंतर त्यांनी तेथून बाहेर पडायचे ठरवले. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढची २८ वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, ते तेथेच राहिले.

ओडेसातील त्यांचा एक विद्यार्थीही मागोमाग पॅरिसला आला. जागा नसल्याने त्याने आधी ग्रंथालयात काम केले. हा विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन. त्यांनी कॉलऱ्यावर लस शोधली, १८९३ मध्ये ते भारतात आले आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर तेथे दाखल झाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी ज्या संस्थेच्या लशी घेतल्या, तिचे मूळ असे मेचनिकॉफ यांच्या वर्गापर्यंत जाते.

लक्ष आतड्याकडे कसे वळले?

निमित्त ठरला कॉलरा. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये साथ पसरली. हा रोग एकाच जिवाणूमुळे होतो, तर मग तो सगळ्यांना सारखा का होत नाही? शहानिशा करण्यासाठी मेचनिकॉफ यांनी कॉलऱ्याचे जिवाणू असलेला द्रव स्वतः पिऊन टाकला. त्यांना काहीच झाले नाही. एका सहकाऱ्यालाही काही झाले नाही. दुसरा मात्र मरणाच्या दारातून परतला. आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही.

प्रयोगशाळेत त्यांना आढळले की, काही जिवाणूंच्या सोबतीने कॉलऱ्याचा जिवाणू जोमाने वाढतो, तर काहींच्या सोबतीने तो दबतो. म्हणजे आतड्यात आधीपासून कोण राहते, यावर आजार होणार की नाही हे ठरत असावे. त्या काळात जिवाणू म्हणजे रोग, एवढेच समीकरण रूढ होते. आपल्या पोटात रोज नांदणारे जिवाणूही महत्त्वाचे असतात, हा विचार नवा होता.

मेंदूच्या म्हातारपणाबद्दल त्यांनी काय मांडले?

१९०३ च्या आपल्या ग्रंथात मेचनिकॉफ यांनी वार्धक्याच्या शास्त्राला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नाव दिले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी होती :

– मोठ्या आतड्यात काही जिवाणू अन्न सडवतात. त्यातून फिनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये तयार होऊन रक्तात मिसळतात.

– ही द्रव्ये वर्षानुवर्षे शरीरातील नाजूक पेशींना दुबळे करतात.

– दुबळ्या झालेल्या पेशींवर शरीराच्याच भक्षक पेशी तुटून पडतात. म्हाताऱ्या मेंदूत त्या चेतापेशींना गिळतात आणि त्यातून बुद्धीची झीज होते.

कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. ज्या पेशींना त्यांनी शरीराचे रक्षक म्हणून जगासमोर आणले, त्याच म्हातारपणी मेंदू पोखरतात, असे ते म्हणत होते. मेंदूच्या अनेक अभ्यासकांना हे पटले नाही. रुमानियाचे मेंदूतज्ज्ञ जॉर्ज मारिनेस्को यांनी तर या मताला उघड विरोध केला.

मग दही कोठून आले?

दूध नासू नये म्हणून लोक त्याला विरजण लावतात. विरजणातील जिवाणू आम्ल तयार करतात आणि आम्लात सडवणारे जिवाणू टिकत नाहीत. जे भांड्यात घडते ते आतड्यातही घडेल, असा तर्क मेचनिकॉफ यांनी केला. बल्गेरियात आंबट दूध खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, असेही त्यांच्या कानावर आले होते. जून १९०४ मध्ये पॅरिसच्या जाहीर व्याख्यानात त्यांनी हा विचार मांडला. पुढच्याच वर्षी स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने तेथील दह्यातील जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले.

मग लाटच आली. युरोप-अमेरिकेत आंबट दुधाचे पेले, विरजणाच्या गोळ्या, चूर्णे यांचा बाजार फुलला. दही म्हणजे अमृत नव्हे, असे मेचनिकॉफ यांना बजावून सांगावे लागले; पण जाहिरातींच्या गलबल्यात ते कोण ऐकणार? लंडनमध्ये तर विल्यम अर्बथनॉट लेन हे शल्यविशारद बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. शास्त्रातील अर्धवट पुरावा बाजारात गेला की काय होते, याचे हे जुने उदाहरण आहे.

अल्झायमरचा शोध तेव्हाचाच?

होय. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डिटर या ५१ वर्षांच्या महिलेला तपासले. तिची स्मृती झपाट्याने जात होती. १९०६ मध्ये तिचे निधन झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींबाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्यांना दिसले. आज त्यांना अनुक्रमे अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे साठे म्हणून ओळखले जाते. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

पॅरिसमध्ये एक जण आतड्यातून म्हातारपणाचा माग काढत होता, जर्मनीत दुसरा मेंदूचे काप पाहत होता. अल्झायमर डिसेंबर १९१५ मध्ये गेले, मेचनिकॉफ जुलै १९१६ मध्ये. दोघांच्या वाटा एकत्र यायला पुढे जवळपास शंभर वर्षे लागली.

मेचनिकॉफ यांचा शेवट कसा झाला?

ते स्वतः अनेक वर्षे नेमाने आंबट दूध घेत, कच्चे अन्न टाळत. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. माणसाचे आयुष्य वाढावे म्हणून झटणाऱ्या या माणसाला तरुण पोरे हजारोंनी मरताना पाहावी लागली. हृदयविकाराचे झटके येत राहिले आणि ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दह्याच्या समर्थकाने शंभरी गाठली नाही म्हणून टीकाही झाली. त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. घराण्यात हृदयविकाराने लवकर जाण्याची परंपरा असताना आपण सत्तरी पाहिली, यावर ते समाधानी होते. आपल्या मृत्यूनंतर आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी डॉक्टर सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. त्यांचा रक्षाकलश आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

ते कोठे चुकले?

मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्यांचे मत चुकीचे ठरले. तेथील जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून उपयुक्त आम्ले बनवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, प्रतिकारशक्तीला वळण लावतात. ज्या बल्गेरियन जिवाणूवर त्यांची भिस्त होती, तो माणसाच्या आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. इंडोलच्या कुळातील सगळी द्रव्ये विषारी नसतात. काही तर चेतापेशींना संरक्षण देत असावीत, असे आताचे प्रयोग सुचवतात.

आणि कोठे त्यांचा अंदाज खरा ठरतोय?

मेंदूतील भक्षक पेशींना आज ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. हे नाव स्पेनचे पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये दिले, मेचनिकॉफ यांच्या निधनानंतर. या पेशी मेंदूतील कचरा उचलतात. पण त्या बिथरल्या तर सूज वाढते आणि चेतापेशींमधील जोडही तुटतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. मायक्रोग्लियाशी संबंधित ‘ट्रेम-२’ या जनुकातील काही दुर्मीळ बदलांमुळे अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१३ मध्ये समोर आले. मेचनिकॉफ यांचे चित्र ढोबळ होते, पण त्यांनी बोट योग्य जागी ठेवले होते.

दुसरा वारसा निर्जंतुक प्राण्यांचा. जिवाणूंशिवाय प्राणी वाढवला तर काय होते, हे पाहण्यासाठी ओल्गा यांनी १९०१ मध्ये बेडकाची पिल्ले निर्जंतुक अवस्थेत वाढवून पाहिली होती. त्यांची वाढ खुंटली. १९१२ मध्ये पाश्चर संस्थेतीलच मिशेल कोहेंडी यांनी कोंबडीची पिल्ले तशी वाढवली. आज अल्झायमरवरील महत्त्वाचे प्रयोग याच पद्धतीने, पण निर्जंतुक उंदरांवर होतात.

आजचे संशोधन काय सांगते?

– २०१७ : अल्झायमरसारखा आजार होणाऱ्या उंदरांना निर्जंतुक वाढवले, तेव्हा त्यांच्या मेंदूत अमायलॉइड कमी साचले. त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील अभ्यासात अल्झायमर रुग्णांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता कमी आढळली.

– २०२३ : सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टाऊची विकृती असलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. जिवाणू नसलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाली.

– २०२३ : आयर्लंडमधील कॉर्क येथील गटाने अल्झायमर रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणू निरोगी उंदरांच्या आतड्यात सोडले. त्या उंदरांची विशिष्ट प्रकारची स्मरणशक्ती मंदावली.

– २०२३ : स्मृती शाबूत असलेल्या, पण मेंदूत अल्झायमरची सुरुवात झालेल्या लोकांच्या आतड्यातील जिवाणूंची रचनाही थोडी वेगळी असल्याचे वॉशिंग्टन विद्यापीठाच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसले.

आतड्यातून मेंदूपर्यंत निरोप जाण्याचे रस्ते तीन. पहिला पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेचा. दुसरा रक्तातून फिरणाऱ्या, जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्यांचा. तिसरा प्रतिकारशक्तीचा : आतड्याचे अस्तर सैल झाले की जिवाणूंचे अंश रक्तात शिरतात, शरीरभर मंद सूज राहते आणि तिची झळ मेंदूला लागते.

तरीही यातून थेट निष्कर्ष काढता येत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे जेवण, झोप, हालचाल, औषधे सगळेच बदलते आणि त्यानेही जिवाणू बदलतात. आधी जिवाणू बदलले की आधी मेंदू, हा गुंता पुरता सुटलेला नाही. आतड्यातील जिवाणूंवर काम करते असे सांगितले गेलेल्या एका औषधाला चीनने २०१९ मध्ये सशर्त मान्यता दिली होती. त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये मध्येच थांबली.

धाराशिवच्या ताटाचे काय?

मेचनिकॉफ यांना आंबट दुधासाठी बल्गेरियाकडे पाहावे लागले. धाराशिव जिल्ह्यात दही-ताक रोजचेच. मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, ताकात ज्वारीचे पीठ घालून आंबवलेली आंबील मडक्यातून शेतात जाते आणि भज्जीसोबत सगळ्या गोतावळ्यात वाटली जाते. भूम परिसरात तर खव्याच्या भट्ट्यांवर अनेक घरांचा संसार चालतो. मात्र खव्याला आणि ताकाला एकाच मापाने मोजता येणार नाही : खव्यासाठी दूध आटेपर्यंत उकळतात, त्यात विरजणाचे जिवाणू उरत नाहीत.

ज्वारीची भाकरी, हुलगे, हरभरा, पालेभाज्या यांतील तंतू आतड्यातील जिवाणूंचे खाद्य आहे. त्यापासून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात. पण वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगात हीच आम्ले निर्जंतुक उंदरांना दिली, तेव्हा मेंदूची हानी वाढली. म्हणजे एकच द्रव्य सगळीकडे तारक किंवा सगळीकडे मारक नसते. आंबील किंवा ताक घेतल्याने अल्झायमर टळतो, असा पुरावा नाही. ते चांगले अन्न आहे, औषध नव्हे.

भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंची नोंदही वेगळी करावी लागेल. पुण्यातील संशोधकांनी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वेगवेगळ्या पिढ्यांचे नमुने तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयानुसार जिवाणूंचे प्रमाण बदलते, पण ते पाश्चात्त्य अभ्यासांप्रमाणेच बदलते असे नाही, हे त्या छोट्या अभ्यासात दिसले. त्यामुळे परदेशी संशोधनावरून बेतलेली महागडी जिवाणूयुक्त चूर्णे आपल्याला तशीच लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही.

घरात कुणी विसरू लागले तर?

म्हातारपण आहे, चालायचेच, असे म्हणून सोडून देणे ही पहिली चूक. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, स्वभाव अचानक बदलणे ही तपासणीची कारणे आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा काही औषधांमुळेही विसर पडतो आणि ही कारणे वेळीच कळली तर उपचार होऊ शकतात. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे तपासणी, मग बाकीचे.

२०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाच्या अहवालानुसार आयुष्यभरातील १४ घटकांवर काम केले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, नजर अधू होणे, शिक्षणाचा अभाव, एकटेपणा यांचा समावेश आहे. आतड्यातील जिवाणू या यादीत अजून नाहीत. पुरावा भक्कम झाला तर तेही येतील. तोवर रक्तदाबाची गोळी बंद करून जिवाणूंच्या पुड्या घेण्यात शहाणपण नाही. कानाला यंत्र, डोळ्याला चष्मा, पायाला रोजची चाल आणि बोलायला घरातले माणूस, एवढे आजही करता येण्यासारखे आहे.